भाताचा गोळा की डोनट?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. गावातून कुठल्याही रस्त्यानं निघा, तांदळाची गिरणी लागतेच. घरात दोन्ही वेळा भात. त्यामुळे भात ओळखायला आमच्याकडच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा पुतण्या टीव्हीवर ‘पोकेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका इंग्रजीतून पाहत बसला होता. इंग्रजी त्याला अर्धवट कळायचं, पण चित्रं पुरेशी होती. मध्येच त्यानं मला हाक मारली. “काका, हा भातच आहे ना? मग हा त्याला डोनट काऊन म्हणून राहिला?”

मी पाहिलं. पडद्यावरच्या पोराच्या हातात पांढराशुभ्र, तिकोनी, भाताचा वळलेला गोळा होता. खाली काळसर पट्टी गुंडाळलेली. आणि पोरगा आनंदानं सांगत होता, की हे जेली भरलेले डोनट आहेत. डोनट म्हणजे काय, हे तेव्हा पुतण्यालाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. पण तो भात होता, एवढं आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. भाषांतर हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे पुतण्याचा प्रश्न डोक्यात राहिला. पुढे मिळेल तिथून वाचत गेलो, आणि लक्षात आलं, की ही एका माणसाची चूक नव्हती. जपानचे व्हिडिओ गेम आणि त्यांच्यावरच्या मालिका अमेरिका-युरोपात जाताना त्यांच्यात ठरवून बदल केले जात. या कामाला इंग्रजीत ‘लोकलायझेशन’ म्हणतात. आपण त्याला स्थानिकीकरण म्हणू. भाषांतरात शब्द बदलतात. स्थानिकीकरणात जेवण, कपडे, गाव, देव, दारूचा गुत्ता, कधी कधी तर नायकसुद्धा बदलतो.

पोकेमॉन मुळात गेमच. १९९६ साली जपानात निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो आला. अमेरिकेत पोहोचायला १९९८ उजाडलं. प्राण्यांची जपानी नावं बदलून इंग्रजी नावं दिली गेली. ‘हितोकागे’चा ‘चारमँडर’ झाला, ‘फुशिगिदाने’चा ‘बल्बासॉर’. पिकाचू मात्र पिकाचूच राहिला. मालिकेत भाताचा गोळा आला, ज्याला जपानीत ‘ओनिगिरी’ म्हणतात, तेव्हा अमेरिकी मुलांना तो कळणार नाही असं तिकडच्या कंपनीला वाटलं. म्हणून चित्र तेच ठेवलं आणि तोंडात डोनट हा शब्द घातला. गंमत बघा. भात खाणाऱ्या देशातली गोष्ट भात खाणाऱ्या गोंदियात आली, पण अमेरिकेवरून फिरून आली, आणि वाटेत भाताचा डोनट झाला.

आता जरा मागं जाऊ. १९९० नंतरच्या काळात आपल्या गावोगावी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले होते. आमच्याकडे काही दुकानदार ते तासाच्या भाड्यानं खेळायला द्यायचे. एका ‘कॅसेट’मध्ये शेकडो गेम असल्याचा दावा असायचा, निघायचे पाच-दहाच. त्यातला एक हमखास असायचा, ‘कॉन्ट्रा’. उघड्या अंगाचे दोन सैनिक उड्या मारत, गोळ्या झाडत पुढं जातात. ज्यांचं बालपण त्या दशकात गेलं, त्यांना हा सांगायला नको.

हा गेम जपानच्या कोनामी कंपनीचा. १९८७ साली आधी तो नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर आला. पण युरोपातल्या घरगुती यंत्रांवर १९९० साली तो आला, तेव्हा त्याचं नाव ‘प्रोबोटेक्टर’ झालं होतं, आणि दोन सैनिकांच्या जागी दोन यंत्रमानव होते. समोरचे शत्रूही यंत्रमानव. का? तर जर्मनीत तरुणांना घातक ठरणाऱ्या साहित्याची एक सरकारी यादी असते. माणसानं माणसाला गोळ्या घालण्याचा खेळ त्या यादीत जाण्याची भीती. यादीत नाव गेलं, की उघड जाहिरात करता येत नाही, मुलांना विकता येत नाही. मग धंदा बुडाला. त्यावर कंपनीनं सोपा तोडगा काढला. माणसांचं लोखंड केलं. उड्या त्याच, गोळ्या त्याच, फक्त मरणारं कुणी माणूस नाही.

म्हणजे बदलाचं पहिलं कारण कायदा आणि त्याची भीती. अमेरिकेत मात्र सुरुवातीला सरकारी कायदा नव्हता. तिथं निन्टेंडोनं स्वतःच नियम घातले होते. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. निन्टेंडोनं १९८५ पासून तो पुन्हा उभा केला. पालकांचा विश्वास गमवायचा नव्हता. म्हणून रक्त नको, दारू-सिगारेट नको, धर्माच्या खुणा नकोत, नग्नता नको, असं ठरलं. मग जपानी गेमांवर कात्री चालू लागली. ‘सुपर कॅसलव्हेनिया ४’ या गेममध्ये थडग्यावरचा क्रूस गेला आणि पुतळ्यांना कपडे आले. ‘फायनल फँटसी’ मालिकेच्या सहाव्या भागात दारूच्या पबचा कॅफे झाला, आणि ‘होली’ म्हणजे ‘पवित्र’ नावाच्या मंत्राचं नाव ‘पर्ल’, म्हणजे मोती, असं ठेवलं गेलं. ‘अर्थबाउंड’ नावाच्या गेममध्ये तर इस्पितळावरचा क्रूससुद्धा पुसला. आता इस्पितळ ओळखायचं कसं? पण नियम म्हणजे नियम.

हे फार काळ टिकलं नाही. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक गेमांवर सुनावणी झाली, आणि त्यानंतर १९९४ साली गेमांना वयाप्रमाणे दर्जा देणारं मंडळ या व्यवसायानंच स्थापन केलं. आपल्याकडे सिनेमाला ‘यू’ आणि ‘ए’ असतं, तसंच. पाकिटावर वय छापलं, की आत काय असावं याची सक्ती सैल होते. कात्रीचं बरंचसं काम त्या शिक्क्यानं केलं.

दुसरं कारण ऐकून नवल वाटेल. जागा नाही! जपानी लिपीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, कधी एक आख्खा शब्द. चार चिन्हांत जे मावतं, त्याला इंग्रजीत दहा-बारा अक्षरं लागतात. आणि ‘कॅसेट’मधली जागा मोजकी. ‘फायनल फँटसी’चा सहावा भाग १९९४ साली अमेरिकेत गेला. त्यात जेमतेम तीन मेगाबाइट जागा होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढा असतो. त्यात चित्रं, संगीत आणि कित्येक तासांची गोष्ट. भाषांतरकार टेड वूल्सी यांना त्यासाठी जवळपास ३० दिवस मिळाले. त्यांनी संवाद छाटले, काही नवे लिहिले. पुढे लोकांनी त्यांना नावंही ठेवली. पण त्याच गेमनं कित्येक अमेरिकी मुलांना गोष्टीचं वेड लावलं, हेही खरं. २००७ मध्ये या गेमचं नवं इंग्रजी भाषांतर आलं, तेव्हा ‘पर्ल’ जाऊन ‘होली’ परत आलं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं ना कायदा आडवा येतो, ना जागा. ते कारण म्हणजे, “आपल्या लोकांना हे समजणार नाही.” किंवा त्याहून पुढं, “आपल्या लोकांना हे परकं वाटेल.”

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅपकॉम कंपनीचा एका तरुण वकिलाचा गेम. जपानात तो २००१ साली आला. वकिलाचं नाव र्युइची नारुहोदो. जपानीत ‘नारुहोदो’ म्हणजे आपण ज्याला “अच्छा, असं आहे होय!” म्हणतो ते. वकिलाचं आडनावच ‘असंहोय’! इंग्रजीत ही गंमत जाणार, म्हणून २००५ मध्ये त्याचं नाव फिनिक्स राइट झालं. राखेतून उठणारा पक्षी आणि ‘बरोबर’ या अर्थाचा उच्चार, अशी दुसरी गंमत तिथं आणली. हा बदल मला आवडतो. एक विनोद गेला, त्याच्या बदल्यात दुसरा दिला. उधारी फेडली.

पण एवढ्यावर थांबलं नाही. सगळी गोष्टच जपानातून उचलून लॉस एंजेलिसला नेली. वकिलाच्या मदतनीस मुलीला रामेन, म्हणजे जपानी शेवयांचं सूप, फार आवडायचं. अमेरिकेत तिला बर्गर आवडू लागला. पहिल्या भागात हे खपलं. पण मालिका पुढं गेली आणि गोष्टीत डोंगरातली जपानी खेडी आली, देवळं आली, जपानी भुताखेतांच्या कथा आल्या. आता ही सगळी लॉस एंजेलिसजवळ कुठून आली? एक खोटं लपवायला दुसरं, तशी अनुवादकांची कसरत सुरू झाली. खेळणारे त्या गावाला थट्टेनं ‘जपानिफोर्निया’ म्हणू लागले.

याच मालिकेचा जुन्या काळात घडणारा एक भाग जपानात २०१५ मध्ये आला. तो इंग्रजीत आला २०२१ मध्ये. त्यात जपान जपानच राहिला आणि नायकाचं आडनावही नारुहोदोच राहिलं. कुणाचं काही अडलं नाही. काही नावं मात्र बदलली. त्यातल्या शेरलॉक होम्सचा ‘हर्लॉक शोम्स’ झाला, आणि तेही होम्सच्या स्वामित्वहक्काच्या भानगडीमुळे. म्हणजे ‘लोकांना कळणार नाही’ म्हणून जे केलं होतं, ते पंधरा वर्षांत अनावश्यक ठरलं होतं. कदाचित आधीही ते अनावश्यकच होतं.

मंडळी, इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की बदल म्हणजे वाईटच. तसं नाही. एक अवघड उदाहरण देतो, ते थेट आपल्या उंबरठ्याशी येतं.

आपण दारात स्वस्तिक काढतो. वहीच्या पहिल्या पानावर, नव्या गाडीवर, दिवाळीच्या रांगोळीत. जपानातही स्वस्तिक आहे. ते बौद्ध धर्माबरोबर तिथं गेलं. त्याला ते ‘मांजी’ म्हणतात. जपानी नकाशावर बौद्ध मंदिराची खूण हीच. तेव्हा पोकेमॉनच्या एका पत्त्यावर, म्हणजे मुलं जमवतात त्या चित्रांच्या पत्त्यावर, मांजी आलं, यात जपान्यांना वावगं काहीच वाटलं नाही. पण जपानी पत्ते अमेरिकेतही पोहोचत होते. १९९९ मध्ये तिथल्या ज्यू समाजाच्या संघटनेनं तक्रार केली. निन्टेंडोनं तो पत्ता छापणंच बंद केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. आमच्या मंगल चिन्हाचं यांना काय वावडं? मग विचार केला. ज्या घरातली आजी-आजोबा, काका-मावशी हिटलरच्या छळछावण्यांत मारली गेली, त्या घरातल्या पोराच्या हातात ते चिन्ह आलं, तर त्याच्या आईला काय वाटेल? तिथं ‘आमच्याकडे याचा अर्थ शुभ आहे’ असं म्हणून भागत नाही. आपलं स्वस्तिक आपल्या दारात शुभच आहे. त्या आईचं दुःखही खरं आहे.

असंच दुसरं उदाहरण. पोकेमॉनमधल्या एका प्राण्याचा चेहरा काळाकुट्ट आणि ओठ जाड रंगवले होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांची टवाळी करायला जुन्या काळी असेच चेहरे रंगवायचे. कॅरोल बॉस्टन वेदरफर्ड या कृष्णवर्णीय लेखिकेनं २००० साली त्यावर लिहिलं. पुढे त्या प्राण्याचा चेहरा जांभळा केला गेला. खेळात काही कमी झालं नाही, आणि कुणाचा तरी अपमान टळला. अशा बदलाला मी कात्री म्हणणार नाही.

आणि आपण तरी कुठं वेगळे? गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, तेव्हा त्याचा ‘झुंजारराव’ झाला आणि डेस्डेमोनाची कमळजा. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली बर्नार्ड शॉच्या फुलवालीला मराठीत आणून ‘ती फुलराणी’ केलं. लंडनच्या बोलीतला तो झगडा मराठीत असा बसला, की मूळ नाटक इंग्रजी आहे हे लोक विसरून गेले. आमच्या झाडीपट्टीत तर विचारूच नका. दिवाळी आटोपली, की मंडईच्या निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. अडीच तासांचं नाटक इथं आलं, की गाणी वाढतात, विनोदी पात्र वाढतं, आणि प्रेक्षक पहाटेच घरी जातात.

जपानी गोष्टही आपल्याकडे बदलून आली आहे. १९६० नंतरच्या दशकात जपानात एका गरीब घरच्या बेसबॉल खेळाडूची चित्रकथा गाजली होती. २०१२ च्या डिसेंबरात तीच गोष्ट ‘सूरज, द रायझिंग स्टार’ या नावानं हिंदी वाहिनीवर आली. बेसबॉलचं क्रिकेट झालं, टोकियोची मुंबई झाली. मूळ गोष्टीत बाप मुलाच्या अंगावर लोखंडी स्प्रिंगांचा पट्टा चढवून त्याच्याकडून सराव करून घेतो. भारतात ते फार क्रूर वाटेल, म्हणून तिथं सायकलच्या ट्यूब आल्या. ‘शिनचॅन’चं तर सर्वांना आठवत असेल. आई-बापाला उलट बोलणाऱ्या त्या पोरट्यावर पालकांनी तक्रारी केल्या, २००८ मध्ये मालिका बंद झाली आणि पुढे काटछाट होऊन परत आली. म्हणजे कात्री आपल्याही हातात असते. अमेरिकेला हसताना हे विसरू नये.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच खरं तर हे सगळं सांगितलं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी होतो. स्नेहसंमेलनासाठी मुलांनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं. एक म्हातारी राशनच्या दुकानात येते, दुकानदार तिला टोलवतो, आणि ती त्याची अशी काही फिरकी घेते, की बस्स. सगळं आमच्या झाडीबोलीत. मुलं वाचून दाखवताना स्वतःच हसून लोळत होती. पण कार्यक्रमाला बाहेरचे पाहुणे यायचे होते. मला वाटलं, त्यांना हे कळणार नाही. शाळेची भाषा गावंढळ आहे, असं म्हणतील. मी रात्री बसून सगळे संवाद ‘शुद्ध’ केले. म्हातारी पुस्तकातल्यासारखं बोलू लागली.

नाटुकलं झालं. मुलांना एकही ओळ चुकली नाही, आणि एकदाही कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. नंतर म्हातारीचं काम केलेल्या मुलीची खरीखुरी आजी मला भेटली. पदर सावरून म्हणाली, “गुरुजी, थे बुढी कोणाच्या घरची होती जी?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच ओळख पटली नव्हती. आपल्याच नातीनं आपलीच नक्कल केली आणि ती आपल्याला ओळखू आली नाही, असं तिचं झालं होतं. मी भाताचा डोनट केला होता. तोही भात खाणाऱ्यांसमोर.

तेव्हापासून कुठलाही बदल दिसला, की मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. पहिला, हा बदल केला नाही तर खरोखर कुणाला इजा होणार आहे, की फक्त कुणाला क्षणभर अनोळखी वाटणार आहे? छळछावणीची आठवण ही इजा आहे. भाताचा गोळा अनोळखी वाटणं ही इजा नाही. उलट तीच शिकण्याची सुरुवात असते. अमेरिकेतल्या पोरानं “हे पांढरं काय आहे?” असं विचारलं असतं आणि कुणी तरी “भात” म्हणून सांगितलं असतं, तर त्याचं काय बिघडलं असतं? दुसरा प्रश्न, ज्यांची ती गोष्ट आहे, त्यांनी ती बदललेली गोष्ट पाहिली, तर त्यांना ती आपली वाटेल का? ‘फुलराणी’ पाहून शॉला काय वाटलं असतं, सांगता येत नाही. पण तिच्यातला झगडा त्यांनी ओळखला असता, असं मला वाटतं. आमच्या आजीला मात्र आपली म्हातारी ओळखू आली नव्हती.

हे प्रश्न आता आपल्या पोरांचेही आहेत. २०२३ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ हिंदीत आला, आणि आठशेहून अधिक प्राण्यांना हिंदी नावं मिळाली. देवनागरीत. आमच्या भागातल्या घरांत मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी अशा किती तरी भाषा बोलल्या जातात. उद्या आपलीच मुलं हे बदल करायच्या खुर्चीवर बसतील. काही बसलीही आहेत.

त्यातल्याच एकाचा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा, मध्यंतरी पुण्याहून फोन आला. तो मराठी कार्यक्रमांना इंग्रजी ओळी जोडायचं काम करतो. म्हणाला, “गुरुजी, एका बाईच्या तोंडी ‘अंबील’ आली आहे. वरचे साहेब म्हणतात सूप लिहा. काय लिहू?”

मी विचारलं, “पडद्यावर अंबील दिसते का?”

“दिसते ना जी. बाई वाटीत ओतून राहिली.”

“मग अंबीलच लिही,” मी म्हटलं. “विचारू दे त्यांना काय असते ते.”